‘जर्नल कम्प्लीट’चे दोन व्हिडिओ

गुलाबाची एक पाकळी अभ्याच्या डाव्या नाकपुडीतून बाहेर पडली, फिरत फिरत मोठी झाली, तिने सगळा पडदा झाकला, आणि ती बाजूला सरकली तेव्हा तिच्यामागे जमीर ड्रम वाजवत होता.

“काका, हे काय आहे?” संयूने विचारलं.

“इफेक्ट,” शशीकाका म्हणाले. “हा मी साध्या लग्नाला वापरत नाही.”

“आमचं पंक गाणं आहे, काका. कुणाची हळद नाही.”

“हळद तर तुम्हीच उधळलीय की सगळीकडे.”

पडद्यावर खरोखरच हळद उडत होती. जमीरने ड्रमवर काठी मारली की पिवळा लोट उठायचा. ती कल्पना बँडचीच. अभ्याच्या वडिलांची सांगलीत हळदीची अडत होती, आणि गोदामात झाडलोटीची हळद हवी तेवढी मिळायची.

आम्ही चौघं माझ्या खोलीत, माझ्या कॉम्प्युटरसमोर बसलो होतो. संयुक्ता माझी धाकटी बहीण. ती बेस गिटार वाजवायची. अभ्या म्हणजे अभिनंदन चौगुले, तिच्याच इंजिनिअरिंग कॉलेजातला. तो गायचा, गिटारही वाजवायचा. ड्रमवर असायचा मिरजेचा जमीर, जो त्या दिवशी आला नव्हता, किंवा त्याला बोलावलं नव्हतं. तिघांच्या बँडचं नाव ‘लोडशेडिंग’. गोदामात सराव सुरू केला की लाइट जायची, त्यावरून पडलेलं. शशीकाका लग्नांचं शूटिंग करायचे आणि हा त्यांचा पहिलाच पंक व्हिडिओ होता.

‘जर्नल कम्प्लीट’ हे बँडचं पहिलं गाणं. तीन मिनिटांपेक्षा लहान, धावत सुटलेलं, आणि मधोमध सगळ्यांनी मिळून ओरडायच्या दोन ओळी: “जर्नल कम्प्लीट, मी अर्धवट, सही कुठं घेऊ, सर?” परीक्षेच्या आदल्या आठवड्यात जर्नलवर सही मिळवायला धावलेल्या कुणालाही ते लगेच पाठ व्हायचं. माझ्या अकरावीच्या मुलांनासुद्धा झालं होतं, आणि त्यांची जर्नलं तपासणारी मीच होते.

“बघा, बघा इथं,” अभ्या पडद्यावर बोट ठेवत म्हणाला. “काठी कुठं पडतीय आणि आवाज कुठं येतोय!”

काठी आधी पडली. आवाज नंतर आला. पुढच्या ओळीत उलटं झालं.

“मी हा आधीच मुंबईला पाठवलता, तिथल्या चॅनेलवाल्याचा फोन आलता,” तो म्हणाला. “गाणं आवडलंय त्याला. पण म्हणाला, तुमचा ड्रमर दुसरंच गाणं वाजवतोय. नवीन व्हिडिओ करून पाठवा, महिन्याच्या आत. नाहीतर राहू द्या.”

“मग करू की नवीन,” संयू म्हणाली.

“करू. पण कोल्हापुरात एक पोरगा आहे, त्याला विचारून ठेवलंय मी.”

“काय विचारून ठेवलंयस?”

“ड्रमचं.”

“अभ्या, रेकॉर्डिंगला कोण होतं? ते ड्रम कुणाचे आहेत?”

“रेकॉर्डिंगला एक नंबर वाजवलं, मी कुठं नाही म्हणतोय? सरावाला पण बरोबर वाजवतो. कॅमेरा दिसला की ह्याचं डोकं फिरतं. उद्या स्टेजवर असंच झालं तर? लोक अंडी मारतील.”

“एवढी वर्षं तो...”

“संयू, मला पण वाईट वाटतंय.” मग तो माझ्याकडे वळला. “सुप्रभाताई, तुम्ही फिजिक्सवाल्या. मशीनची चूक आहे का जमीरची, तेवढं फक्त सांगा. मशीनची असेल तर जमीरच वाजवणार. शब्द.”

“माझ्या मशीनची नाही,” शशीकाका घाईने म्हणाले.

ही दोन हजार सात सालची गोष्ट. मी एम.एस्सी. करून एका ज्युनिअर कॉलेजात तासावर शिकवत होते. गाण्यातलं मला फारसं कळत नव्हतं. पण ज्या दोन गोष्टी एकाच क्षणी घडायला हव्यात त्या तशा घडत नसतील, तर का नाही, हे कळेपर्यंत मला दुसरं काही सुचत नाही. मी म्हटलं, बघते.

मला हळदीची मदत झाली. काठी नेमकी कधी टेकली हे नुसत्या चित्रात सांगणं अवघड, पण हळदीचा लोट ज्या चित्रात पहिल्यांदा दिसतो ते चित्र सापडतं. दोन दिवस मी कॉलेजातून आल्यावर व्हिडिओ एकेक चित्र पुढे सरकवत बसले. आईने दारातून विचारलं, “अजून तेच लग्न बघत्येस?”

चूक तीन प्रकारची असू शकत होती. कॅमेरा आणि कॉम्प्युटर यांची घड्याळं जुळत नसतील, तर फरक गाण्याबरोबर वाढत जायला हवा, मागे पडणाऱ्या घड्याळासारखा. शूटिंगला रेकॉर्ड केलेलं गाणं ज्यावर लावलं होतं तो स्पीकर लांब ठेवला असेल, तर आवाज पोचायला लागणारा वेळ सगळीकडे सारखाच दिसायला हवा. अभ्याच्या ओठांचं अगदी तसं होतं. तो कॉलेजच्या जिन्यावर वर उभा होता आणि काकांनी भोंगा खाली फाटकाजवळ लावला होता, त्यामुळे तो पहिल्यापासून शेवटपर्यंत तेवढाच मागे होता. ते सरळ करायला मला दहा मिनिटंही लागली नसती.

तिसरा प्रकार म्हणजे वाजवणाराच चुकतोय. जमीरची चूक पहिल्या दोन्हींत बसत नव्हती. तो कधी पुढे असायचा, कधी मागे. मध्येच काही ठोके अचूक, मग पुन्हा भरकटलेला, रस्ता माहीत असलेला माणूस धुक्यात चालतो तसा. भोंगा त्याच्यापासून हातभर अंतरावर होता, म्हणजे अंतराचंही कारण नाही.

एक गोष्ट मात्र ठळक होती. ज्या तुकड्यांत संयू त्याच्यासमोर उभी होती, तिथे तो एकदाही चुकला नव्हता.

“तू त्याला काही खूण करतेस का?” मी तिला विचारलं. ती गॅलरीत केस वाळवत होती.

“कसली खूण?”

“मान हलवून, पाय आपटून?”

“छे. तो माझ्या बोटांकडे बघतो तेवढंच. सरावाला पण बघतो. अभ्या चिडवतो त्याला, लाइन मारतोस काय म्हणून.”

“आणि मारतो का?”

“ताई!” ती हसली. “बोटांकडे बघतो गं नुसता. माझ्याकडे बघत असता तर मला कळलं नसतं होय?”

पहिल्यांदा माझ्या डोक्यात जे आलं, ते मला आवडलं नाही. पण तपासल्याशिवाय सोडताही येईना.

आमच्या प्रयोगशाळेत एक फ्रिक्वेन्सी जनरेटर होता, चकती फिरवली की भुंग्यापासून शिट्टीपर्यंत हवा तो सूर काढणारा. सरांना विचारून तो मी पिशवीत घालून गोदामात नेला. सराव नुकताच संपला होता. हळदीच्या पोत्यांच्या थप्पीवर अभ्या पाय सोडून बसला होता, जमीर ड्रमच्या पोटात जुनी वाकळ कोंबत होता. हडकुळा, कमी बोलणारा मुलगा. समोरच्याकडे टक लावून बघायची सवय. मला तो नेहमी फार लक्ष देऊन ऐकणारा वाटायचा.

“स्पीकर कुठपर्यंत साथ देतो ते बघायचंय,” मी म्हटलं. “तिघांनी डोळे मिटा आणि हात वर करा. ऐकू येईनासं झालं की हात खाली. एकमेकांकडे बघायचं नाही.”

“बक्षीस काय?” अभ्या म्हणाला.

“तुझं जर्नल तपासून देईन.”

“मग मी मरेपर्यंत हात खाली घेत नाही.”

मी खालच्या सुरापासून सुरुवात केली. घुमणारा, पोटात जाणवणारा आवाज. तीन हात वर. चकती हळूहळू फिरवत गेले. आवाज वर चढला, बाईच्या बोलण्याच्या उंचीला आला, आणि जमीरचा हात खाली गेला.

मी चकती तिथेच थांबवली. गोदामात तो सूर स्वच्छ वाजत होता. दारातलं कुत्रंसुद्धा कान टवकारून बघत होतं. संयूचा हात वर होता, अभ्याचा वर होता, दोघांचे डोळे मिटलेले.

मग जमीरने डोळे उघडले. शेजारचे दोन हात बघितले आणि आपला हात पुन्हा वर केला. तो करताना त्याने माझ्याकडे बघितलं.

मी चकती पुढे फिरवली. शिट्टी कानात टोचायला लागल्यावर आधी संयूने हात खाली घेतला. तिच्याकडे बघून लगेच जमीरनेही घेतला.

“मी जिंकलो!” अभ्या ओरडला.

“स्पीकर चांगला आहे,” मी म्हटलं आणि वायर गुंडाळू लागले.

जमीर मला फाटकापर्यंत सोडायला आला. स्कूटरला किक मारून म्हणाला, “ताई, तुम्हाला तंबोऱ्याची जवारी बघायची होती ना? मागं एकदा म्हणाला होता. चला. अब्बा आहेत आज दुकानात.”

मी असं कधीही म्हटलं नव्हतं. मी मागे बसले.

सांगलीहून मिरजेला जाईपर्यंत तो एक शब्द बोलला नाही, आणि मीही नाही. आता मला माहीत होतं की मागून बोलून उपयोग नव्हता.

जमीरच्या घरात तीन पिढ्या तंबोरे करायच्या. दुकान म्हणजे एक लांबट खोली होती. आढ्याला वाळलेले भोपळे टांगलेले, खाली भुसा, सरस आणि नव्या लाकडाचा वास. त्याचे वडील, उस्मानचाचा, मांडीवर तंबोरा घेऊन बसले होते. पांढरा सदरा, कोपरापर्यंत दुमडलेल्या बाह्या, जाड चष्मा.

“संयूची मोठी बहीण,” जमीरने ओळख करून दिली. “फिजिक्स शिकवतात. जवारी बघायचीय त्यांना.”

“बघायची नसते, ऐकायची असते,” चाचा म्हणाले. “बसा बाई. ए, त्यांना पाट दे.”

त्यांनी तार छेडली. आवाज आला आणि संपला, कोरडा. मग तार जिच्यावर टेकते त्या सपाट घोडीवर त्यांनी कानशीचे दोन हलके हात मारले, तारेखाली सुताचा दोरा सरकवला, पुन्हा छेडली. जवारी लागली होती; या वेळी आवाज संपेना. त्याच्यातून दुसरा निघाला, दुसऱ्यातून तिसरा, वर वर बारीक होत जाणारे, मधमाश्यांसारखे.

“वरचे स्वर उघडले,” मी म्हटलं. “मूळ सुराची दुप्पट, तिप्पट, चौपट...”

“तुमच्यात गणित आहे त्याचं?”

“आहे. पण घोडी किती घासायची ते गणितात नाही.”

“ते कुणातच नाही. थोडी कमी घासली तर आवाज बंद. थोडी जास्त झाली तर घोडी फेकून द्या.” त्यांनी मानेने जमीरकडे खूण केली. “ह्याचा हात माझ्यापेक्षा हलका होता. माझ्या वडिलांसारखा. ह्याने ते सोडलं आणि डबडी बडवायला गेला. असू दे. तुमच्या बहिणीचा राग नाही मला. आमचंच नाणं खोटं.”

जमीर हसला. बाहेर अजान झाली. चाचा तंबोरा भिंतीला टेकवून उठले, मला म्हणाले, “चहा घेतल्याशिवाय जाऊ नका,” आणि नमाजाला गेले.

ते गल्लीच्या टोकाला वळेपर्यंत जमीर दारात उभा होता. मग आत येऊन माझ्यासमोर बसला, उजेड माझ्या तोंडावर पडेल असा.

“अभ्याला सांगणार?”

“कधीपासून आहे हे?”

“तीन वर्षं झाली असतील. आधी पक्षी गेले. मग फोनची रिंग. आता बायका बोलतात ते नुसतं बघून कळतं. कोल्हापूरच्या डॉक्टरला दाखवलं. मिरजेत दर घरावर डॉक्टरची पाटी आहे, पण इथं दाखवलं तर मी घरी पोचायच्या आधी बातमी पोचते. मशीन लाव म्हणाले. मशीन कानावर दिसतं.”

“आणि रेकॉर्डिंग कसं केलंस?”

“हेडफोनमध्ये संयूचा बेस फुल ठेवला होता. आणि ती समोर होती. खालचं येतं मला. हे बघा.” त्याने तंबोऱ्याच्या भोपळ्यावर तळहात ठेवला आणि शेवटची जाड तार छेडली. “हा खर्ज. कानात येतो थोडा, हातात पूर्ण येतो. भोंग्यात मात्र काहीच नसतं माझ्यासाठी. नुसती खरखर.”

माझा सुटलेला धागा तिथे जुळला. लग्नमांडवातला भोंगा माणसाचा आवाज लांब फेकायला बनवलेला असतो. बेस आणि मोठ्या ड्रमचे खालचे सूर त्याच्यातून निघतच नाहीत. अभ्या आणि संयू भोंग्यातले शब्द ऐकून चालत होते. त्या गाण्यातला जमीरला ऐकू येणारा नेमका तेवढाच भाग भोंगा गाळून टाकत होता.

“अब्बांना का नाही सांगितलंस?”

त्याने कोपऱ्यातल्या भुशात बोट फिरवलं.

“एका गवयाचा तंबोरा आला होता. अब्बा म्हणाले, तूच लाव जवारी. मी घासली, छेडली. मला आवाज बंदच वाटला. परत घासली. बंदच. घासत राहिलो ताई. ती कधीच उघडली होती, मला वरचे सूर ऐकूच येत नव्हते. अब्बा आले तोवर घोडी संपली होती. हाडाची होती, आजोबांनी ठेवलेली.”

“काय म्हणाले?”

“म्हणाले, लक्ष कुठं होतं तुझं? मी म्हटलं, बँडमध्ये. त्यांना पटलं.”

बाहेर रस्त्यावरून एक हातगाडी गेली. तिची चाकं त्याला ऐकू आली असावीत, कारण ती जाईपर्यंत तो थांबला.

“पोरगा वाया गेला म्हटलं की बाप शिव्या देतो,” तो म्हणाला. “शिव्या देतो म्हणजे वाट बघतो. आज ना उद्या येईल ठिकाणावर. कान गेला म्हटलं तर कशाची वाट बघणार? आता दुकान तर गेलं माझं. ड्रम तेवढे राहिलेत. तेही गेले तर मी नुसता बहिरा.”

चहा आला. आम्ही तो प्यायलो. मी त्याला काही वचन दिलं नाही. मला वचन देता येण्यासारखं काही माहीत नव्हतं, फक्त एक करून बघण्यासारखं सुचलं होतं.

“नव्या शूटिंगला अनवाणी वाजवशील?” मी विचारलं.

तो माझ्या ओठांकडे बघत राहिला. त्याला वाटलं, आपण चुकीचं वाचलं.

“अनवाणी,” मी पुन्हा म्हटलं.

अभ्याला मी सांगितलं की चूक भोंग्याची आहे. ते खरंच होतं. रविवारी दुपारी लोडशेडिंग नसायचं, म्हणून दुसरं शूटिंग तेव्हा ठरलं, तिघंही एकाच ठिकाणी, गोदामात. पोती ओल धरू नयेत म्हणून त्यांच्याखाली घालायच्या लाकडी फळ्या होत्या. त्यांतली एक लांब फळी मी काढायला लावली, तिच्या एका टोकाला संयूचा बेसचा स्पीकर पालथा ठेवला, तोंड लाकडाकडे, आणि दुसऱ्या टोकाला जमीरचं स्टूल आणि ड्रम. गाणं भोंग्यातूनही वाजणार होतं आणि त्या स्पीकरमधूनही.

“हे काय, यज्ञाची वेदी?” शशीकाका म्हणाले. पण कॅमेरा लावण्यात गुंतले. पाकळ्या घालायच्या नाहीत, हे संयूने त्यांच्याकडून कबूल करून घेतलं होतं, आणि ते थोडे रुसले होते.

जमीरने चपला काढल्या. फळीवर पाय ठेवून बसला. संयूने त्याच्या ड्रमवर मूठ मूठ हळद पसरली.

“लावा ताई,” अभ्या म्हणाला. त्याचा आवाज नेहमीपेक्षा जरा चढलेला होता. कोल्हापूरच्या मुलाला त्याने संध्याकाळपर्यंत थांबायला सांगून ठेवलं होतं, हे मला नंतर कळलं.

मी गाणं लावलं. खालचे ठोके सुरू होताच ड्रमच्या कातड्यावरची हळद आपोआप थरथरायला लागली, अजून काठी लागायच्या आधीच. जमीरने ते बघितलं, पायांची बोटं फळीवर पसरली आणि वाजवायला सुरुवात केली.

त्याने संयूकडे एकदाही बघितलं नाही. दुसऱ्या कडव्यात तर डोळे मिटले. मला मोजायची गरज नव्हती, तरी मी मोजत होते. लोट आणि ठोका, लोट आणि ठोका, एकावर एक. “सही कुठं घेऊ, सर?” अभ्या ओरडला आणि त्या जागी जमीरने सगळे ड्रम एका झपाट्यात ओढले. गोदाम पिवळं झालं.

त्या पिवळ्यातून मला दारात उस्मानचाचा दिसले.

ते कधी आले होते कुणास ठाऊक. नंतर कळलं, दुकानात गिऱ्हाईक खोळंबलं होतं आणि ते मुलाला घेऊन जायला आले होते, चिडूनच. पण ते आत येऊन काही बोलले नाहीत. मुलाच्या अनवाणी पायांकडे बघत होते. मग पालथ्या स्पीकरकडे. गाणं चालू असतानाच ते पुढे आले, वाकले, आणि फळीच्या टोकावर तळहात टेकला. बराच वेळ तो तिथे ठेवला. जमीरची त्यांच्याकडे पाठ होती.

गाणं संपलं. शशीकाकांनी अंगठा वर केला. संयूने बेस गळ्यात असतानाच उडी मारली.

“एक नंबर!” अभ्या म्हणाला. “एक नंबर, जम्या!” मग कपाळावरची हळद पुसता पुसता थांबला. तो मूर्ख नव्हता. “पण ताई, एक सांगा. भोंग्याची चूक होती म्हणता. मला आणि संयूला तर भोंग्यावर जमलं. ह्यालाच एकट्याला हा खोका कशाला लागतो?”

संयू माझ्याकडे बघायला लागली. जमीरने हे बघितलेलं होतं, अभ्याच्या ओठांवर, आणि आता तोही माझ्याकडे बघत होता. काठ्या त्याने मांडीवर ठेवल्या होत्या.

माझ्याकडे खरं उत्तर होतं आणि ते मी देणार नव्हते. पण खोटंही मला वेळेवर सुचत नाही.

“त्याचं उत्तर मी देतो,” मागून आवाज आला.

अभ्या दचकून वळला. “चाचा! तुम्ही कधी...”

“आमच्या घरातलं पोर आहे ते,” उस्मानचाचा म्हणाले. ते सरळ उभे राहिले होते, हाताला फळीवरची धूळ होती. “आमच्यात पोराला बोलायला यायच्या आधी मांडीवर घेऊन खर्जाची तार ऐकवतात. त्याचा कान खर्जावर तयार झालाय. तुमच्या त्या कर्ण्यात खर्ज आहे का?”

“नाही,” मी म्हटलं. “कर्ण्यातून तो निघत नाही.”

“मग कशावर वाजवणार? पायाच नाही तर भिंत कशावर बांधायची? तुम्हाला चालतं, तुमचा कान कच्चा आहे. त्याला नाही चालत. दोष म्हणायचा तर आमच्या शिकवण्याचा म्हणा.”

“असं होय!” अभ्या म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू आदर पसरला. “अरे, मग आधी सांगायचं की, जम्या. मी उगाच त्या कोल्हापूरच्याला... जाऊ दे. यापुढं खोका फळीवरच. स्टेजवर पण.”

“स्टेजवर पण,” चाचा म्हणाले.

त्या गोदामात सगळे एकमेकांशी जिथे असतील तिथून ओरडूनच बोलायचे. चाचांनी हाक मारली नाही. ते ड्रमला वळसा घालून गेले, हळदीत पाय उमटवत, आणि जमीरच्या अगदी समोर जाऊन उभे राहिले. तो मान वर करेपर्यंत थांबले. मग चष्मा काढला, आणि एकेक शब्द सुटा करत म्हणाले, “गिऱ्हाईक आलं होतं. उद्या या म्हटलं.”

जमीरने मांडीवरच्या काठ्या उचलल्या.

“अजून एकदा वाजवणार आहेस?”

त्याने मान हलवली.

“मग वाजव. मी बसतो.”

ते फळीच्या कडेलाच बसले, स्टुलाला लागून, एक हात लाकडावर ठेवून. शशीकाका दोनदा ओरडले, “चाचा, फ्रेममध्ये येताय!” चाचांना ऐकू गेलं होतं. ते उठले नाहीत. शेवटी काका म्हणाले, चालू करा.

दुसरा व्हिडिओ मीच जोडला. चॅनेलवर तो एक मोसम चालला, पुढे बँडची तीन दिशांना तीन तोंडं झाली, आणि आता तो इंटरनेटवर बघायला मिळतो. पहिला पाकळ्यांचाही मिळतो, आणि लोकांना तोच जास्त आवडतो. दुसऱ्यात मी तो शेवटचाच टेक घेतला. त्यात डाव्या कोपऱ्यात खाली एक पांढरी बाही दिसते, कडव्यागणिक पिवळी होत जाणारी. अभ्या म्हणाला होता, ताई, तेवढी कापून टाका. कापणं सोपं होतं. मी नाही कापली.